शब्दांचा लमाण : डॉ. श्रीराम लागू

नटांनी आत्मचरित्रे लिहावीत ही मराठीत जुनी चाल आहे, आणि त्या आत्मचरित्रांना नावे देण्याचीही एक चाल आहे. चिंतामणराव कोल्हटकरांनी आपल्या आठवणींना ‘बहुरूपी’ म्हटले. बाबुराव पेंढारकरांनी ‘चित्र आणि चरित्र’ म्हटले. प्रभाकर पणशीकरांनी ‘तो मी नव्हेच’चा धागा पकडून ‘तोच मी’ म्हटले. नावात थोडी तरी झगमग असावी, मुखवटा, रंग, आरसा यांपैकी काहीतरी डोकवावे, अशी आपली अपेक्षा असते. परंतु पन्नास वर्षे रंगभूमी गाजवलेल्या एका नटाने आपल्या आत्मचरित्राला नाव दिले ‘लमाण’, आणि पुण्यामुंबईच्या कित्येक वाचकांना ते नाव वाचून क्षणभर थांबावे लागले असेल.

आम्हा बिलोलीकडच्या माणसांना मात्र थांबावे लागले नाही. देगलूर, मुखेड, नायगाव, किनवट, कुठल्याही वाटेने जा, रस्त्याच्या कडेला एखादा तांडा लागतोच. आरशांच्या तुकड्यांनी मढवलेल्या कांचोळ्या आणि हातभर बांगड्या घातलेल्या म्हाताऱ्या बाजाराच्या दिवशी आजही दिसतात. यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर गोण्या लादून शेकडो कोस चालत असत. समुद्रकाठचे मीठ देशावर आणावे, देशावरचे धान्य दुसऱ्या मुलखात न्यावे, लढाईच्या काळात लष्करालाही रसद पोचवावी, हा त्यांचा धंदा. लवण वाहणारा तो लमाण, अशी या शब्दाची व्युत्पत्ती सांगतात. पुढे आगगाडी आली, पक्के रस्ते झाले, नि बैलांचे तांडे जागच्या जागी बसले. धंदा गेला, नाव राहिले.

डॉक्टरांना या नावातून जे सांगायचे होते ते एवढेच : नट हा मालाचा मालक नव्हे. माल नाटककाराचा. तो इथून उचलायचा आणि तिथे, प्रेक्षकांच्या दारात नेऊन उतरवायचा. मधली वाट तेवढी आपली.

ऐकायला ही मोठी विनयाची भाषा वाटते. परंतु डॉ. श्रीराम लागू यांचे आयुष्य नीट पाहिले, म्हणजे या विनयाच्या पोटात केवढा करारीपणा होता हे ध्यानात येते.

गळ्याचा डॉक्टर

लागूंचा जन्म सातारचा, १६ नोव्हेंबर १९२७ चा. वडील डॉक्टर. शिक्षण पुण्यात झाले. भावे स्कूल, फर्गसन कॉलेज आणि मग बी. जे. मेडिकल कॉलेज, असा तो सरळ, मध्यमवर्गीय घराला साजेसा रस्ता होता. डॉक्टरचा मुलगा डॉक्टर झाला, यात कुणाला नवल वाटण्यासारखे काही नव्हते.

नवल होते ते निराळेच. मेडिकल कॉलेजात त्यांना नाटकाची लागण झाली आणि ती पुढे कुठल्याही औषधाने हटली नाही. भालबा केळकर आणि त्यांच्या मंडळींनी पुण्यात ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’ ही संस्था काढली, तिला पुणेकर नुसते ‘पीडीए’ म्हणत. दिवसा आपापली नोकरी, धंदा करावा आणि संध्याकाळी तालमीला जमावे, असा या मंडळींचा शिरस्ता होता. वसंत कानेटकरांचे पहिले गाजलेले नाटक ‘वेड्याचं घर उन्हात’ याच संस्थेने १९५७ साली रंगभूमीवर आणले आणि त्यातल्या दादासाहेबांच्या भूमिकेने लागूंचे नाव जाणत्या प्रेक्षकांच्या तोंडी झाले.

इकडे डॉक्टरकीही चालू होती. लागू कान, नाक नि घसा यांचे शल्यविशारद. सहा वर्षे पुण्यात व्यवसाय केला, पुढच्या शिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंड गाठले, नंतर पूर्व आफ्रिकेतल्या टांझानियात टबोरा या गावी शस्त्रक्रिया केल्या. मायदेशी असले की पीडीए आणि मुंबईची ‘रंगायन’ यांची नाटके, परदेशी असले की रुग्णालय, अशी ही दोन घरची चाकरी कित्येक वर्षे चालली.

मराठी रंगभूमीला डॉक्टरांचे वावडे कधीच नव्हते. काशिनाथ घाणेकर दाताचे डॉक्टर, मोहन आगाशे मनाचे डॉक्टर, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. रशियातला चेखव्हही डॉक्टरच होता. रोग्याचे तोंड पाहून पोटातले ओळखण्याची विद्या नाट्यकलेला फार लांबची नसावी. परंतु लागूंच्या बाबतीत आणखी एक मौज आहे. नटाचे मुख्य हत्यार त्याचा गळा, आणि या नटाला गळ्याची रचना आतून बाहेरून ठाऊक होती. आवाज कुठून उचलायचा, कुठे दाबायचा, कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत कशी न्यायची, यामागे त्यांची नुसती देणगी नव्हती, तर अभ्यास होता. अभिनय अंगात येतो, ही भाबडी समजूत त्यांना मुळीच मान्य नव्हती. अभिनय हे बुद्धीचे आणि शरीराचे काम आहे, ते शिकावे लागते, रोज घासावे लागते, हे ते जन्मभर सांगत आले.

बेचाळिसावे वर्ष

१९६९ साली डॉक्टरांनी आपला व्यवसाय बंद केला आणि ते पूर्णवेळ नट झाले. नाटक होते वसंत कानेटकरांचे ‘इथे ओशाळला मृत्यू’. संभाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांचे हे नाटक व्यावसायिक रंगभूमीवरचे होते. आता हौस संपली होती आणि पोट सुरू झाले होते.

या निर्णयाची तोलाई नीट व्हायला हवी. विशीतला पोरगा घर सोडून नाटकात पळाला, तर त्याला आपण उनाड म्हणतो, आणि यशस्वी झाला तर त्याच्या उनाडपणाचे कौतुकही करतो. परंतु वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, हातात शस्त्रक्रियेची पदवी, पाठीशी परदेशाचा अनुभव, दारावर पाटी, असे सगळे जमलेले असताना जो माणूस ती पाटी उतरवतो, त्याला उनाड म्हणता येत नाही. मी स्वतः आज त्याच वयाच्या आसपास आहे. महिन्याच्या महिन्याला पगार होतो, घराचे हप्ते फिटत आहेत, मुलांच्या शिकवण्या आहेत. वाचकांपैकी पुष्कळांचे याहून निराळे नसेल. आपल्यातल्या प्रत्येकाच्या मनात एखादी न लिहिलेली कादंबरी, एखादे न गायलेले गाणे दडलेले असते, आणि ‘पुढे बघू’ या दोन शब्दांच्या कुलपाखाली आपण ते ठेवून देतो. लागूंनी ते कुलूप काढले. त्या काळी नाटकात पैसा किती होता हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या धाडसाची किंमत निराळी सांगायला नको.

आप्पासाहेब बेलवलकर

आणि मग एका वर्षातच तो दिवस आला. २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत ‘दि गोवा हिंदु असोसिएशन’ने वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, कावेरीच्या भूमिकेत शांता जोग, आणि गणपतराव बेलवलकर झाले होते डॉ. लागू. वय वर्षे त्रेचाळीस, भूमिका थकलेल्या म्हाताऱ्याची.

कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. रंगभूमीचा निवृत्त सम्राट आपली सगळी मिळकत मुलामुलीला वाटून टाकतो, दोन्ही घरी नकोसा होतो, आणि बायकोला घेऊन, पुढे तिलाही गमावून, रस्त्यावर येतो. शेक्सपियरच्या लियर राजाची छाया तीवर आहे हे उघड आहे. परंतु लियरचे दुःख राज्य गमावलेल्या राजाचे आहे, आणि आप्पासाहेबांचे दुःख आपल्या शेजारच्या घरातले आहे. फंडाचे पैसे मुलांच्या नावावर करून मोकळे झालेले आजोबा कुठल्या गल्लीत नाहीत? म्हणूनच हे नाटक पाहून घरी गेलेल्या कित्येक कुटुंबांत त्या रात्री जेवणे नीट झाली नसतील.

या भूमिकेत एक पेच होता. बेलवलकर हा जुन्या ढंगाचा नट. पल्लेदार वाक्ये, भरदार आवाज, टाळी घेणारे थांबे, हा त्याच्या पिढीचा अभिनय. लागू नेमके त्याच्या उलट वळणाचे. त्यांची शाळा संयमाची, आतल्या आत बोलण्याची. नव्या वळणाच्या नटाने जुन्या वळणाच्या नटाची भूमिका करायची! ती नुसती ढंगात केली तर नक्कल होणार, आणि नुसती संयमाने केली तर बेलवलकरच उरणार नाही. स्वगतांत भाषेचा सगळा वैभवशाली डामडौल ठेवावा आणि त्यामागे, जणू भिंतीपलीकडे, एक घाबरलेला म्हातारा रडतो आहे हे प्रेक्षकाला कळू द्यावे, अशी काहीशी वाट त्यांनी काढली. शिरवाडकरांची ती काव्यमय भाषा जड आहे, सहज सांडणारी आहे. थोडा तोल गेला की नुसता आरडाओरडा उरतो.

हे नाटक मी वर्गात शिकवतो. एकदा लमाण या शब्दावरून बोलणे निघाले, तेव्हा तांड्यावरून येणारा एक विद्यार्थी उठून म्हणाला, ‘सर, माझे आजोबा सांगायचे, गोणी उचलणं काही मोठं नाही. मीठ पावसात विरघळू न देता पोचवणं मोठं.’ अभिनयावरची जाडजूड पुस्तके मी वाचली आहेत, परंतु लागूंच्या कामाचे इतके नेमके वर्णन मला त्यांत आढळलेले नाही. शिरवाडकरांचे मीठ त्यांनी विरघळू दिले नाही.

जकात नाक्यावर

लमाणाच्या वाटेवर नाके असतात आणि नाक्यावर अडवणारे असतात. त्याच १९७० साली लागूंनी विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ रंगभूमीवर आणले. इस्टेटीसाठी एकमेकांचे लचके तोडणाऱ्या एका कुटुंबाचे हे नाटक इतके उघडे होते की सेन्सॉरचे डोळे पांढरे झाले. एका प्रवेशात माणिक या पात्राच्या पातळावर रक्ताचा लाल डाग दिसतो. हा डाग चालणार नाही, असा आक्षेप आला. तेव्हा डागाचा रंग निळा करण्यात आला, आणि प्रेक्षकांना आधीच सांगण्यात येऊ लागले, की दिसणारा निळा डाग कृपया लाल समजावा! हसू येते. परंतु या हसण्यामागे महिनोन् महिन्यांची हुज्जत होती, आणि आपण उचललेला माल न फोडता पुढे नेण्याची जिद्द होती.

इथे ‘नट म्हणजे केवळ वाहक’ या म्हणण्याची दुसरी बाजू दिसते. वाहकाला मालकी नसेल, पण कोणती गोणी उचलायची हे तोच ठरवतो. ‘हिमालयाची सावली’ मध्ये महर्षी कर्व्यांच्या जीवनावरून घडवलेले नानासाहेब भानू, गो. पु. देशपांड्यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ मध्ये चौकशी समितीपुढे उभा केलेला प्राध्यापक, तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’ मध्ये स्वतःच्या आदर्शांनी मुलीचे आयुष्य पणाला लावणारा समाजवादी बाप, महेश एलकुंचवारांच्या ‘आत्मकथा’ मधला लेखक, ही निवड काही गल्ल्यावर डोळा ठेवून होत नाही. तत्त्वाशी लग्न लागलेली आणि त्या लग्नाची किंमत घरच्यांकडून वसूल करणारी माणसे त्यांनी पुन्हापुन्हा उभी केली. यांपैकी एकाही माणसाला त्यांनी रंगभूमीवर देव होऊ दिले नाही.

पडद्यावरचे मास्तर

आमच्या भागात लागू पोचले ते मात्र नाटकातून नव्हे, सिनेमातून. मुंबईची नाटके फार तर नांदेडपर्यंत येत. तालुक्याच्या गावाला आणि माळेगावच्या जत्रेला तंबूतला पडदा पुरे होता, आणि त्या पडद्यावर होता ‘पिंजरा’.

व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट १९७२ चा. १९३० साली जर्मनीत एमिल यानिंग्ज या नटाला घेऊन ‘निळा देवदूत’ या अर्थाच्या नावाचा चित्रपट निघाला होता. नाचणारीच्या पायी एका शिस्तप्रिय मास्तराची झालेली धूळधाण, हा त्याचा विषय. शांतारामबापूंनी तो मराठी मातीत आणला, तमाशाच्या फडात रुजवला आणि शेवट आपला केला. स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली पकडलेला मास्तर तोंड उघडत नाही, कारण तो बोलला तर गावाने ज्याला आदर्श मानले त्या मास्तराची मूर्ती कोसळणार. संध्या आणि निळू फुले यांच्या बरोबरीने लागूंनी ही भूमिका केली आणि तोपर्यंत शहरी प्रेक्षकांपुरते असलेले त्यांचे नाव बैलगाडीच्या वाटेपर्यंत पोचले.

पाठोपाठ जब्बार पटेलांचा ‘सामना’ आला. पटकथा तेंडुलकरांची. साखर कारखान्याच्या सत्तेने माजलेला हिंदुराव धोंडे पाटील निळू फुल्यांनी केला आणि त्याच्यासमोर एक दारुडा, फाटका मास्तर उभा राहिला तो लागूंचा. गायब झालेल्या एका माणसाचे काय झाले, एवढाच प्रश्न हा मास्तर विचारत राहतो. त्याच्या हाती काठी नाही, पाठीशी कुणी नाही, आवाजही चढत नाही. तरी पाटलाची झोप उडते. हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. ‘पिंजरा’तल्या मास्तराने सत्य लपवण्यासाठी गप्प राहायचे आणि ‘सामना’तल्या मास्तराने सत्यासाठी बोलत राहायचे! तीन वर्षांच्या अंतराने एकाच नटाने केलेले हे दोन मास्तर शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. १९७९ च्या ‘सिंहासन’मध्ये हाच नट खुर्चीवर डोळा ठेवून बसलेला अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे झाला, आणि मास्तराचा मागमूसही त्याने उरू दिला नाही.

हिंदीत त्यांनी शंभराहून अधिक चित्रपट केले. त्यांतले पुष्कळसे पोटासाठी, हे नाकारण्यात अर्थ नाही. बाप, न्यायाधीश, पोलीस अधिकारी, पुन्हा बाप! इटलीचा मोठा नट व्हित्तोरिओ गासमन यानेही तेच केले. शेक्सपियर नि ग्रीक शोकांतिका रंगभूमीवर करायच्या आणि सिनेमाने पदरात टाकलेले मानधन नि लोकप्रियता घेऊन पुन्हा रंगभूमीकडे वळायचे. तरीही ‘घरोंदा’तल्या वयस्क, एकाकी मालकासाठी लागूंना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. मृणाल सेन यांच्या ‘एक दिन अचानक’मध्ये पावसाच्या संध्याकाळी घराबाहेर पडून कधीच न परतणारा प्राध्यापक त्यांनी केला. ॲटनबरोंच्या ‘गांधी’त ते गोपाळ कृष्ण गोखले झाले. १९७४ साली त्यांना पद्मश्री मिळाली होती, पुढे कालिदास सन्मान मिळाला, संगीत नाटक अकादमीची फेलोशिपही मिळाली. मानाची यादी मोठी आहे, ती इथेच आवरतो.

पदराआडचा दिवा

आता एका अवघड गोष्टीकडे वळतो. दिवाळीचा अंक आहे, घरोघर पणत्या लागल्या आहेत, लक्ष्मीपूजनाची तयारी चालू आहे, आणि ज्या नटाबद्दल आपण इतक्या आदराने बोलतो आहोत तो उघड नास्तिक होता. देवाला आता रिटायर करावे, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले, तेव्हा महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. कित्येक चाहते दुखावले, टीकेचा वर्षाव झाला. लागूंनी आपला शब्द मागे घेतला नाही, आणि विरोधकाला वेडेवाकडेही बोलले नाहीत. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते नरेंद्र दाभोलकरांबरोबर गावोगाव हिंडले. दोघांच्या जाहीर वादसंवादात लागू देव ठामपणे नाकारत आणि दाभोलकर श्रद्धाळू माणसाला बरोबर घेऊन जाण्याची भाषा करीत. व्यासपीठावर मित्राशी मतभेद मांडता येतो आणि खाली उतरून एकत्र जेवता येते, हे त्यांनी दाखवले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्या वेळी लागू पंच्याऐंशी वर्षांचे होते.

मी स्वतः संध्याकाळी देवापुढे दिवा लावणारा माणूस आहे. लागूंचे म्हणणे मला पटत नाही. परंतु ‘मी फक्त दुसऱ्याचे शब्द वाहतो’ म्हणणाऱ्या नटाने, स्वतःचे शब्द उच्चारायची वेळ आली तेव्हा लोकप्रियतेचा हिशेब केला नाही, याबद्दल माझी मान लवते. आणि हे नुसते बोलणे नव्हते. समाजासाठी पूर्णवेळ झटणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभारला गेला, तेव्हा नामवंत नटनट्यांनी आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग ठिकठिकाणी करून पैसा जमवला. त्यात डॉक्टर आघाडीवर होते. लोकांना हसवून मिळालेले पैसे ज्यांच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत होती त्यांच्याकडे गेले.

नियतीने त्यांच्यावर एक घाव असा घातला की ज्याला उत्तर नाही. धावत्या आगगाडीवर कुणीतरी दगड भिरकावला आणि त्यात त्यांचा तरुण मुलगा तन्वीर गेला. अशा वेळी माणूस देवाला शिव्या तरी घालतो, नाहीतर त्याच्या पायाशी तरी जातो. लागूंना दोन्ही वाटा मोकळ्या नव्हत्या, त्यांनी त्या आपल्या हाताने बंद केल्या होत्या. पत्नी दीपा लागू, ज्या स्वतः नामवंत अभिनेत्री, यांच्यासह त्यांनी ‘रूपवेध प्रतिष्ठान’तर्फे मुलाच्या नावाने ‘तन्वीर सन्मान’ सुरू केला, आणि तो रंगभूमीसाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसांना दिला जाऊ लागला.

माल पुढे गेला

१९९९ साली, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, डॉक्टर पुन्हा एका दमछाक करणाऱ्या भूमिकेत उभे राहिले. मकरंद साठे यांचे ‘सूर्य पाहिलेला माणूस’, दिग्दर्शक अतुल पेठे, आणि भूमिका सॉक्रेटिसाची. प्रश्न विचारण्याची सवय सोडण्यापेक्षा विषाचा पेला बरा, असे ठरवणारा हा म्हातारा त्यांना भेटावा, यात मला योगायोग कमी नि निवड जास्त दिसते.

१७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यात डॉ. लागूंचे निधन झाले. वय ब्याण्णव होते.

नाटक ही पाण्यावरची रेघ, असे आपण म्हणतो. ते निम्मे खरे आहे. लागूंचा बेलवलकर पाहिलेले प्रेक्षक आता थोडे उरले आहेत. परंतु त्यांच्यानंतर ती भूमिका दत्ता भटांनी केली, सतीश दुभाषींनी केली, यशवंत दत्तांनी केली, आणि २०१६ साली नाना पाटेकरांनी पडद्यावर केली. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दरवर्षी एखादा पोरगा कापसाची दाढी लावून आणि आईची शाल पांघरून आप्पासाहेब होतोच. गेल्या खेपेला तो मिठाची गोष्ट सांगणारा विद्यार्थीच उभा राहिला होता. दाढी एका बाजूने सुटली, पोरे हसली, पण स्वगत त्याने एकही शब्द न सांडता शेवटापर्यंत नेले.